वाडीच्या खताबद्दल, बाईला

प्रिय बाई,

आज अखाजी, अक्षय तृतीया. तुझ्या नावाची पहिली घागर सकाळी भरली. वर खरबूज ठेवलं, पत्रावळीवर शेवया वाढल्या, चिंचवणी केली. चिंचवणी जरा आंबटच झाली, तेवढं समजून घे. गूळ घालायचा अंदाज तुझा होता, माझा नाही.

आणि मग दुपारी खताच्या खड्ड्यावर असं काही झालं, की ते तुला कळवल्याशिवाय मला घास गिळवेना. म्हणून हा कागद. मी बोलते आहे आणि हे लिहीत आहेत. पंतोजींकडे गिरवलेली यांची अक्षरं आज पहिल्यांदा माझ्या कामी आली! माझं 'मले-तुले' हे सुधारून लिहितात. म्हणतात, कागदावर असंच बरं दिसतं. दिसू दे बापडं. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे, पण तिकडे कोणीतरी वाचून दाखवेलच की! त्यांना आपल्या बोलीत वाचायला सांग.

तुला आठवतं का, बार्शीटाकळीला तुझ्या लग्नात मी नवरदेवाच्या वहाणा लपवल्या होत्या? कुठं, तर आपल्या बाबाच्या उकिरड्यात! वर भर मांडवात ओरडले होते, "भाऊजी, वास घ्या अन् शोधा!" बिचारे खरंच हात घालून शोधत बसले. तू मुंडावळ्यांच्या आडून मला डोळे दाखवत होतीस आणि हसतही होतीस.

मग त्यांच्याच धाकट्या भावाला मला दिली. सख्ख्या बहिणी सख्ख्या जावा झालो म्हणून मी केवढी खुशीत होते! पण मांडव उतरायच्या आत माझ्या भाऊजींचे भासरे झाले. नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळायचा नाही, त्यांच्याशी तोंड उघडून बोलायचं नाही. ज्यांची मांडवात फिरकी घेतली, त्यांच्यापुढे जिभेला कुलूप! हा कुठला न्याय, मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, "मी हावो ना मधात. तू मले सांग, मी त्यायले सांगतो."

आणि तसंच चाललं. ते ओसरीवर, मी दाराआड, आणि मधे तू. "बाई, सांग, पाणी तापलं." "गोदा, तिले सांग, मी मोटेवर जाऊन येतो." सगळं एकमेकांना लख्ख ऐकू यायचं, तरी तू मान डोलवून इकडचं तिकडे करायचीस. कधी चिडायचीस, "मी काय तुमची दवंडी हाय काय वं?" पण एखाद्या दिवशी आम्ही काहीच बोललो नाही, तर तूच काहीतरी बनवून सांगायचीस. "यमे, ते म्हनत होते, वांग्याची भाजी झ्याक झाली." ते तसं कधीच म्हणाले नव्हते, हे मला कळायचं बरं!

तर मग, बाई, तू मधून उठून कशी गेलीस? होळी झाली, तुझ्या अंगात ताप भरला, आणि आम्ही काढे उकळत राहिलो तेवढ्यात तू गेलीस. तेव्हापासून या घरात भासरे आणि मी, एका छपराखाली दोन मुकी माणसं. त्यांचं पान मी वाढते, ते खाली मान घालून जेवतात आणि उठतात. मी कोणाला सांगू, आणि ते तरी कोणाला सांगणार?

त्यातच परवा जेवताना ते यांना म्हणाले, "औंदा वाडीतई कापूसच लावू." एवढंच. पुढं भाकरीचा तुकडा मोडला.

हे काय बोलले? काही नाही. दादापुढं यांची मान कधी वर झाली आहे? (इथं लिहिताना हे खोकले. लिहा म्हटलं, जे आहे ते लिहा.) मी दाराआड उभी होते, हातातलं वाढप हातातच राहिलं. तुझी भाजीची वाडी, बाई! तुझ्या वाडीत कापूस!

ती वाडी काय होती, हे मी पाहिलं आहे. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा तू मला विहिरीजवळ नेलंस आणि म्हणालीस, "पाय, हे माह्यं राज्य." मला हसू आलं. नुसती बरड होती ती. शिवारभर काळी कसदार जमीन आणि आपल्या विहिरीपाशी नेमका तो पांढुरका, कडक तुकडा. मोटेचं पाणी सोडलं की वरच्या वर वाहून जायचं, खालची माती कोरडी ती कोरडीच. कुदळ मारली की हाताला झिणझिण्या. वांगी लागायची ती गोट्यांएवढी. चांदूरच्या बाजारात त्या वांग्यांकडे बायका पाहायच्या आणि पुढं जायच्या.

तू त्या मातीला नावं ठेवली नाहीस. म्हणालीस, "उपाशी हाय बिचारी. तिले जेवाले घालू." बाबाच्या मळ्यात जे पाहिलं होतं, तेच तू इथं सुरू केलंस. विहिरीच्या अंगाला, जांभळीच्या सावलीत, दोन खड्डे खणवून घेतलेस. एक भरत असायचा आणि एक मुरत असायचा. गोठ्यातलं शेण, बैलांच्या पायाखालचं मुतानं भिजलेलं भुसकट-कुटार, चुलीची राख, पाला, भाजीचे देठ, सगळं थरावर थर. वर मातीचा लेप. उन्हाळ्यात पाण्याचा शिडकावा. आणि कोणी घाईनं फावडं उचललं की तुझा आवाज, "हात लावू नका! कच्चं हाय!"

तुझी ती परीक्षा आठवते मला. बांगड्या वर सारायच्या, कोपरापर्यंत हात खड्ड्यात घालायचा, डोळे मिटायचे. आत गरम लागलं तर नाही. गार लागलं, मूठभर बाहेर काढून चुरलं आणि पावसानंतरच्या रानासारखा वास आला, तर हो. शेणाचा वास आला की पुन्हा झाकायचं. मी म्हणायचे, "मले शिकव ना." तू म्हणायचीस, "तुह्या हाताले घाई हाय. थांब." मी थांबले ग! आणि तू थांबली नाहीस.

त्यात समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई लागली आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. काय दिवस होते ते! ज्याला त्याला कापसाचं वेड. ज्वारीत कापूस, कुरणात कापूस, पांदणीच्या कडेला कापूस. गुरं चरायची कुठं? बैल घरी असायचेच नाहीत, ते गाड्यांना जुंपलेले, अमरावतीच्या वाटेवर. बैल वाटेवर तर शेणही वाटेवर! आणि जे थोडं गावात पडायचं, त्याच्या बायका गोवऱ्या थापायच्या, कारण झाडं तोडून तिथंही कापूस पेरलेला. तुझा खड्डा अर्धा रिकामा राहिला. त्या दिवशी तू खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसलीस आणि मला वाटलं, आता ही रडणार.

कसली रडतेस! उठलीस आणि म्हणालीस, "यमे, कापूस वेचून झाला की रानात काय राह्यते?"

"पऱ्हाटी," मी म्हटलं. कापसाची वाळकी झाडं, दुसरं काय?

"ते उपटाले कोनाले सवड हाय? कोनालेच नाई. मंग आपुन उपटू!"

आणि मग आपण दोघी दारोदार. तू पुढं, मी तोंड लपवत मागं. "मावशी, तुमची पऱ्हाटी आमी उपटून, मोळ्या बांधून तुमच्या अंगनात आनून टाकतो. तुमी थे जाळा. शेन नोका जाळू, थे आमाले द्या." लोक हसले. माळ्याच्या सुना शेण मागत फिरतात म्हणून गावभर झालं. पण चुलीत पऱ्हाटी धडधडून पेटते, धूर कमी, आणि आयती अंगणात येऊन पडते म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? त्या कापसानंच तुझं शेण पळवलं होतं, आणि त्याच कापसाच्या काड्यांनी तू ते परत आणलंस. माझ्या तळव्यांना फोड आले तेव्हा तू त्यांवर लोणी लावलंस आणि वर म्हणालीस, "उद्या लवकर उठजो." लबाड कुठली!

आता मुख्य गोष्टीकडे येते. हे जरा सावरून बसले आहेत.

त्याच वर्षी भासरे कापूस भरून अमरावतीला गेले होते आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचे होते. लोक येताना बायकोला लुगडं आणत होते, हातात घालायला चांदीचे गोट आणत होते. आपण दोघी दारात उभ्या. गाडी वळली, आणि वास आधी आला! गाडीभर शेण! तिकडे गाडीतळावर साऱ्या वऱ्हाडचे बैल बसतात, तिथून स्वतः भरून आणलेलं. भासरे गाडीवरून उतरले, अंगरख्याचे हात शेणानं माखलेले, आणि तुझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तुह्या खड्ड्याले कमी पडून राह्यलं होतं ना." मी पदरात तोंड खुपसून हसले. तू नाही हसलीस. तुझे डोळे मी पाहिले होते, बाई. गोट आणले असते तरी तुझा चेहरा तसा झाला नसता.

पण त्यांनी ते खड्ड्यात टाकलंच नाही. तुझं काम वाचावं म्हणून पहाटे आपल्या आधी उठून थेट कांद्याच्या वाफ्यांत पसरलं. ताजंच्या ताजं शेण, कोवळ्या रोपांत! दिवसभर मोटेवर राबणारा माणूस, पण खत हे बायकांचं खातं म्हणून त्यानं त्यात कधी लक्ष घातलेलं नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गाडी घेऊन गेले. इकडे रोपं पिवळी पडली, शेंडे करपले, मुळाशी उकरलं तर हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मी म्हटलं, "येऊ दे आता, सांगतोच मी! तुह्यातून सांगतो!"

तू माझा हात धरलास. "खबरदार! काहीच सांगायचं नाई. त्यायनं जीव लावून आनलं ते."

मग आपण काय केलं? शेण खरवडून टोपल्यांनी खड्ड्यात नेलं, अळ्या वेचल्या, शेजारच्या गावच्या माळ्याकडून रोपं मागून आणली आणि भासरे परत यायच्या आत सगळे वाफे पुन्हा लावून टाकले. ते आले, बांधावर उभे राहिले, कांद्याकडे पाहत राहिले. तू म्हणालीस, "पाहा, तुमच्या शेनानं कसा हिरवागार झाला!" ते नुसते हं म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनी गाडी वाडीत नेलीच नाही, खड्ड्याच्या काठावर रिकामी केली. म्हणाले, "तिकडं चाक रुतते." आपण दोघी सुटलो! तू मला म्हणालीस, "बरं झालं बाप्पा, चाक रुतलं."

त्यानंतर दरवर्षी तुझ्या जमिनीनं घास घेतला. पाणी मुरायला लागलं. माती मोकळी झाली, काळी झाली, हात घातला की गांडुळं. सांबार (हे म्हणतात, कोथिंबीर लिहू) असा दाट, की पोरांना कान धरून बाहेर काढावं लागायचं. चांदूरच्या बाजारात तुझ्या वांग्यांपाशी बायका थांबायला लागल्या. कापसापायी कोणी भाजी लावेना, तेव्हा साऱ्या गावच्या ताटात तुझी मेथी होती. आणि तिथं आता कापूस?

तर आज दुपारी. घागरीपाशी पाणी सोडून झालं, जेवणं झाली आणि भासरे फावडं घेऊन खड्ड्याकडे निघाले. मी शेणाचं टोपलं घेऊन मागून गेले, मला तर रोज जावंच लागतं. पाहते तो काय, ते नव्या खड्ड्याचा लेप फोडत होते! मुरलेला खड्डा डावीकडे, आणि हे उजवीकडे, तू आजारी पडायच्या आदल्या दिवसापर्यंत भरत होतीस त्या खड्ड्यात उतरलेले! सगळं खत एकदाच वाडीत ओतायचं, वर नांगर फिरवायचा आणि मोकळं व्हायचं, असं त्यांच्या मनात होतं.

माझं टोपलं हातातून पडलं. पदर सावरला, जांभळीकडे तोंड केलं आणि ओरडले, "बाई! सांग त्यायले! थो खड्डा कच्चा हाय!"

फावडं थांबलं.

तू नव्हतीस, बाई. जांभळीखाली कोणी नव्हतं. पण मला दुसरं बोलता येतच नाही ना त्यांच्याशी! आणि एकदा तोंड उघडलं मग कुठं थांबते मी? "सांग त्यायले, इतक्या खतात कापूस नुसता माजते, पाला येते, बोंडं येत नाईत! सांग, हे माती तू कशी कमावली! सांग, पुन्हा कांद्यावानी सगळं जळून जाईन!"

कांदा तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं!

मग तेही जांभळीकडे वळले. आम्ही दोघं एकमेकांकडे न पाहता उभे, आणि दोघांची तोंडं त्या झाडाकडे. आवाज असा की मला ओळखू येईना. म्हणाले, "गोदा, तिले सांग, कांद्याचं मले ठाऊक होतं."

बाई, त्यांना ठाऊक होतं!

"माळ्याचा पोर हावो मी. वीतभर रोप सोडून गेलो अन् बोटभर रोप पाह्यलं. मले कळनार नाई काय? गाडीवरून उतरल्याबरोबर कळलं. पन तू तोंड भरून सांगून राह्यली होती, हिरवागार झाला म्हून. तुह्या त्या तोंडापुढं मी काय बोलू?" आणि मग, "चाक कुठंच रुतत नव्हतं, गोदा."

मी खाली बसले. रडू आलं आणि हसूही आलं. तू त्यांच्यापासून लपवत राहिलीस आणि ते तुझ्यापासून. इतकी वर्षं एका ताटात जेवलात तुम्ही, आणि दोघांनी एकाच कांद्याची गोष्ट एकमेकांपासून जपून ठेवली! आणि मी शहाणी दोघांच्या मधे!

मग ते म्हणाले, "तिले सांग, मले कापसाची हाव नाई. त्या वाफ्यायकडं पाहवत नाई मले. मेथीत तू वाकलेली दिसतं. कापूस उंच वाढते, मंग तिकडलं काही दिसनार नाई म्हून म्हनलं."

मी एवढंच म्हटलं, "बाई, सांग त्यायले, मलेई दिसते. म्हूनच मी रोज जातो."

ते खड्ड्यातून वर आले. फोडलेला लेप त्यांनी स्वतःच्या हातांनी पुन्हा लिंपला, त्या गाडीच्या दिवसासारख्याच माखल्या हातांनी. मग फावडं माझ्याकडे दिलं नाही, देणार कसं! जांभळीच्या बुंध्याशी टेकवून ठेवलं आणि चार पावलं मागं सरून उभे राहिले. "गोदा, तिले सांग, कोनता खड्डा कवा उघडायचा थे आता तिनं सांगायचं. मी टोपली उचलतो."

मी फावडं उचललं. बांगड्या वर सारल्या. डावीकडच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तुझ्यासारखे डोळे मिटले. गार! मूठभर काढून चुरलं, वास घेतला. तोच वास, बाई. मी म्हटलं, "सांग त्यायले, हो." त्यांनी पहिली टोपली डोक्यावर घेतली आणि वाडीकडे निघाले. कुठं रिकामी केली माहीत आहे? कांद्याच्या वाफ्यांत. तू गेल्यानंतर ते आज पहिल्यांदा वाडीत गेले. मागोमाग हे गेले. (हे म्हणतात, दादानं काहीही सांगितलं असतं तरी मी गेलोच असतो. असू दे.)

मी मागं एकटी उरले तेव्हा मनात काय आलं कोण जाणे, उजवीकडच्या खड्ड्याच्या ओल्या लेपातून हात आत घातला. मला माहीत होतं तो कच्चा आहे. तरी घातला.

बाई, तो आत अजून गरम आहे.

तुझे हात मी धरून बसले होते, ते माझ्या हातातच गार झाले. त्या दिवसापासून मला या घरातलं सगळं गारच लागत होतं. आणि आज, तू थरावर थर लावून ठेवलेलं ते आत ऊन लागलं, तापल्या भाकरीसारखं. तू गेलीस तरी तुझं काम आत चाललंच आहे ग! मी हात काढलाच नाही बराच वेळ.

तर हे माझं वचन. वाडीत नांगर फिरला तर तो भाजीसाठीच. आपल्या घरचं शेण चुलीत जाणार नाही. पऱ्हाटीचा मोसम आला की मी दारोदार जाईन, आणि तोंड लपवणार नाही. तुझा उजवीकडचा खड्डा मी घाईनं उघडणार नाही; रोज हात घालून पाहीन, आणि खरं सांगू, तो लवकर गार होऊ नये असंच म्हणेन. भासऱ्यांना जे सांगायचं ते तुझ्यातूनच सांगेन, आणि एखाद्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत, तर त्यांच्या वतीनं तुला मीच बनवून सांगेन.

हा कागद मी त्या गरम खड्ड्यात, लेपाखाली, ठेवणार आहे. हे म्हणतात, कुजून जाईल. यांना काय कळतंय? दुसरीकडे कुठं पाठवला तर तुला सापडणार आहे का?

तुझ्या हाताखालची, अजून घाई असलेली,
यमी